तळ्याचं पाणी पहाटे तपासा

माननीय सरपंचताई, उपसरपंच, ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य आणि तलाव सुशोभीकरण समितीतली मंडळी,

सप्रेम नमस्कार.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत तळ्याच्या सुशोभीकरणाचा, म्हणजे वनस्पती काढणं, कडेला काँक्रीटची भिंत आणि रंगीत कारंजं यांचा, ठराव झाला तेव्हा मी हात वर केला नाही आणि विरोधातही बोलले नाही. सभा लांबली होती, माझं म्हणणं दोन मिनिटांत उरकण्यासारखं नव्हतं. घरी आले आणि रात्रभर झोप लागली नाही. आता शिमगा झाला की पोकलेन येणार असं ऐकते. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. तळ्यावर ज्यांचं ज्यांचं काही अवलंबून आहे त्या सगळ्यांनी ते वाचावं.

मागणी एकच आहे. तळ्याला हात लावण्याआधी एक पूर्ण वर्ष त्याचं पाणी आणि त्यातले जीव नीट तपासा. आणि तपासायला पहाटे जा.

सरपंचताई, तुम्ही माझ्या वर्गात होतात, त्यामुळे कारण सविस्तर सांगायचा माझा हक्क आहे असं मी धरून चालते.

गेल्या मे महिन्यातले ते दिवस आठवा. तीन दिवस मळभ होतं, पाऊस पडत नव्हता आणि वारा पार पडलेला. चौथ्या दिवशी साडेपाचच्या सुमारास मी घाटावर गेले. पाणी हलत नव्हतं, तरी त्याच्यावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती. वाटलं थेंब पडताहेत. जवळ जाऊन बघते तर मासे. शेकड्यांनी मासे वर येऊन, तोंडं पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होते. मी पायरीवर पाय ठेवला तरी एकही पळाला नाही. खालच्या वाडीतले एक आजोबा म्हशी घेऊन आले होते, ते नुसते बघत उभे राहिले आणि म्हणाले, “बाईनु, तळ्याक धाप लागली हा.”

सात वाजेपर्यंत कडेला पांढऱ्या पोटांची रांग लागली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कुणीतरी औषध घातलं अशी आवई उठली, दोन घरांमध्ये अबोला धरला गेला, तो अजून सुटलेला नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याचा नमुना घ्यायला माणूस आला तो दुपारी साडेबाराला. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत घाटावरचं वरवरचं पाणी भरून घेतलं आणि गेला. तीन आठवड्यांनी अहवाल आला, त्यात सगळं ठीक. तो अहवाल खोटा होता असं मी म्हणत नाही. साडेबाराच्या उन्हात ते पाणी तसंच असणार. दमेकऱ्याला भर दुपारी तपासायचं आणि ‘छाती स्वच्छ आहे’ म्हणून घरी पाठवायचं, तसं ते झालं. दमा उसळतो पहाटे.

आपलं तळं उथळ आहे. मे महिन्यात मधोमध उभं राहिलं तरी छातीभर पाणी. खोल धरणाचं गणित त्याला लागू पडत नाही. ऊन तळापर्यंत पोचतं, त्यामुळे दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती भरपूर ऑक्सिजन तयार करतात. रात्री मात्र कमाई बंद आणि खर्च चालू. मासे, किडे, गाळातले जंतू आणि त्या वनस्पती स्वतःसुद्धा रात्रभर ऑक्सिजन वापरतात. सूर्य उगवायच्या जरा आधी शिल्लक सगळ्यात कमी असते. मळभ असेल तर दिवसाची कमाईच तोकडी पडते, वारा नसेल तर हवेतूनही फारसा मिसळत नाही. त्यात पाणी जितकं गरम तितका ऑक्सिजन कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. मे महिन्यातलं मळभ, पडलेला वारा आणि गाळाने भरलेला तळ हे तिन्ही एकत्र आलं, की बाहेरून विषाचा थेंबही न पडता मासे मरतात. गेल्या मेमध्ये तसंच झालं असं माझं ठाम मत आहे. त्या दोन घरांपैकी एकानेही काही घातलं नव्हतं.

ठाम म्हणते कारण नंतर मी बघितलं. आमच्या जुन्या प्रयोगशाळेतून परवानगीने काचेच्या बुचाच्या बाटल्या आणि रसायनं आणली. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत, १८८८ सालची, अजून तितकीच भरवशाची. बाटली पाण्याखाली बुडवून भरायची, आत एक बुडबुडाही राहू द्यायचा नाही. काठावरच आधी मँगनीज सल्फेट घालायचं, मग आयोडाइड मिसळलेलं अल्कलीचं द्रावण, बूच लावून बाटली उलटसुलट करायची आणि थांबायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका तळाला बसतो, नसेल तर पांढरा. पहाटे साडेपाचच्या बाटलीतला साका मळकट पांढरा होता, किंचित पिवळसर झाक. त्याच दिवशी, त्याच पायरीवरून दुपारी दोनला भरलेल्या बाटलीतला भिजवलेल्या नाचणीसारखा तपकिरी. मध्ये फक्त साडेआठ तास गेले होते. दोन्ही बाटल्या मी शेजारच्या मुलांसमोर ठेवल्या. त्यातली एक मुलगी म्हणाली, “बाई, ही दोन वेगळी तळी आहेत.” मला त्याहून नेमकं सांगता येणार नाही.

म्हणून एका दिवसात दोन वेळा. ऑक्सिजन पहाटे मोजायचा. सामू (पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कली याचं माप) आणि अमोनिया दुपारी, कारण त्यांचं उलटं आहे. जांभ्या दगडातून झिरपून येणारं आपलं पाणी मऊ असतं, सामूतला चढउतार सावरून धरणारे क्षार त्यात थोडे. उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि सामू भराभर चढतो. सामू आणि तापमान चढलं की पाण्यातल्या अमोनियापैकी माशांना घातक असलेला मुक्त अमोनिया वाढतो. म्हणजे तळं पहाटे एका कारणाने आजारी दिसेल आणि दुपारी दुसऱ्या. एका बाटलीत हे दोन्ही कधीच सापडायचं नाही.

आता निकष. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार वर्ग ठरवून दिले आहेत. आंघोळीच्या, म्हणजे ‘ब’ वर्गाच्या पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, बीओडी (म्हणजे घाण कुजवताना जंतू वापरतात तो ऑक्सिजन) ३ मिलिग्रॅमच्या वर नको, आणि कोलिफॉर्म जंतू १०० मिलिलिटरमध्ये ५०० च्या आत हवेत. मासे आणि वन्यजीवांसाठीच्या ‘ड’ वर्गाला किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन, सामू ६.५ ते ८.५ आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. ग्रामपंचायतीने आधी ठरवावं की आपलं तळं कोणत्या वर्गात बसायला हवं. माझ्या मते ‘ब’ आणि ‘ड’ दोन्ही, कारण त्यात पोरं डुंबतात आणि मासेही आहेत. तळ्याचं पाणी कुणी पीत नाही हे खरं, पण तळ्याखालच्या वाडीतल्या विहिरी तळ्याबरोबर भरतात आणि तळ्याबरोबर आटतात. जांभ्यातून पाणी किती सहज सरकतं हे विहीर खणणाऱ्या कुणालाही विचारा. वरच्या अंगाला झालेल्या नव्या घरांचे आणि खोल्यांचे शोषखड्डे त्याच जांभ्यात आहेत.

सभेत एक सदस्य म्हणाले, “मासे आहेत म्हणजे पाणी चांगलंच की.” हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे, म्हणून त्याला जरा वेळ देते. मासे आहेत, पण कोणते? मरळ आणि मागूर पाण्याबाहेरची हवा घेऊन जगतात. तिलापिया फार कमी ऑक्सिजनमध्येही तग धरतो. तळ्यात एवढेच उरले असतील तर ते पाणी बिघडल्याचं लक्षण आहे. खरी कसोटी बारक्या खवलेवाल्या माशांची, ज्यांना कल्ल्यांखेरीज दुसरा आधार नाही. आणि चढणीच्या माशांची. मृगाच्या पहिल्या दमदार पावसात सांडव्यावरून, ओढ्याच्या व्हाळातून, भाताच्या कुणग्यांच्या बांधांवरून उड्या मारत मासे वर चढायचे, रात्री कंदील घेऊन माणसं बाहेर पडायची. आता किती घरांतली माणसं बाहेर पडतात? कोणते मासे अजून चढतात, कोणते दिसेनासे झाले, हे साठीच्या पुढची माणसं एका बैठकीत सांगतील. ते लिहून घेतलं पाहिजे. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्याप्रमाणे आपल्या ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे आणि लोक जैवविविधता नोंदवहीही आहे. त्या वहीत तळ्याच्या वाट्याला काय आलं आहे ते एकदा उघडून बघा.

माशांपेक्षाही खरं बोलतो तो गाळ. डिसेंबरमध्ये मी दोन ठिकाणचा ओंजळभर गाळ पिठाच्या चाळणीत धुतला आणि पांढऱ्या ताटात पसरला. धुणं धुतात त्या घाटाखालचा गाळ काळा, कुजक्या अंड्याचा वास. ताटात लालभडक, दोऱ्यासारख्या अळ्या वळवळत होत्या, बाकी काही नाही. त्या अळ्यांच्या अंगात आपल्या रक्तातल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लाल, आणि म्हणूनच जिथे ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो तिथेही त्या जगतात. मग कमळांच्या बाजूचा गाळ घेतला. तो तपकिरी, वास मातीचा. ताटात शंखवाल्या गोगलगाई, टाचणीची अळी, शेपटीला तीन पानं असलेली, आणि चतुराची एक जाडजूड अळी. ती बराच वेळ दगडासारखी बसून राहिली. शेजारून एक बारका किडा गेला, तिने खालचा ओठ हातासारखा पुढे फेकला आणि किडा गायब. एका तळ्याची ही दोन टोकं, मध्ये शंभर पावलांचं अंतर असेल. कमळांची बाजू अजून जिवंत आहे.

आणि अंदाजपत्रकात पहिलं काम काय लिहिलं आहे? ‘अनावश्यक वनस्पती काढणे.’

इथे मी हात जोडून थांबवते. जलपर्णी काढा, ती परकी आहे, पाण्यावर चादर अंथरते, प्रकाश अडवते. ती काढून काठावर न टाकता खतात घालाल तर उत्तमच. पण कमळ, कुमुदिनी, पाण्याखालचं हायड्रिला हे सगळं एकाच पोकलेनने ओरबाडू नका. उथळ तळ्याची दोन रूपं असतात. एकात पाणी नितळ आणि वनस्पती भरपूर. त्यांची मुळं गाळ धरून ठेवतात, त्यांच्या आडोशाला शेवाळ खाणारे पाणपिसवा नावाचे बारीक जीव आणि माशांची पिल्लं जगतात. दुसऱ्यात वनस्पती नाहीत, वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर गाळ उठतो, पाणी हिरवं-गढूळ, आणि त्या गढुळात प्रकाश तळाला पोचत नाही म्हणून वनस्पती परत रुजतही नाहीत. पहिल्या रूपातून दुसऱ्यात जायला एक उन्हाळा पुरतो. परत यायला किती वर्षं लागतील ते कुणी सांगू शकत नाही.

काँक्रीटच्या उभ्या भिंतीचंही तेच. तळ्याची कड उतरती आणि ओली असते तिथेच मासे अंडी घालतात, कमळपक्षी आणि टिबुकल्या वावरतात, गुरं पाण्याला उतरतात. उभी भिंत म्हणजे ती सगळी कड गेली. कारंज्याबद्दल सांगते, कारण ‘कारंज्याने ऑक्सिजन वाढेल’ असं सभेत सांगितलं गेलं. वाढतो थोडा, आसपास. पण ते कारंजं रंगीत दिव्यांसकट संध्याकाळी सात ते नऊ चालणार आहे. तळ्याला गरज आहे ती पहाटे चार ते सहा.

गाळ काढायला माझा विरोध नाही, उलट तो काढलाच पाहिजे. आपल्या लाल मातीत लोह भरपूर, ते खतातलं आणि साबणातलं फॉस्फरस धरून तळाशी बसतं. तळाचा ऑक्सिजन संपला की लोहाची ती पकड सुटते आणि वर्षानुवर्षं साठलेलं फॉस्फरस पाण्यात येतं, त्यावर शेवाळ माजतं. बाहेरून येणारी घाण उद्या बंद केली तरी हे आतलं देणं चालूच राहील. म्हणून गाळ कुठे किती जाड आहे, कुठला काळा, कुठला तपकिरी, हे आधी मोजा, मग काळा भाग काढा आणि कमळांचा राखा. काढलेला गाळ बांधावर रचू नका, पहिल्या पावसात तो परत आत येतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहेच, वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, करणारे शेतकरी तो आनंदाने नेतील.

कुणी म्हणेल, हे सगळं मोजायला शहरातून शास्त्रज्ञ आणायचे का? गरज नाही. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणी शिकवायची आहे, जलसुरक्षक आपल्याकडे आहेच. त्यांच्या किटमध्ये सामू, गढूळपणा, नायट्रेट, लोह बघता येतं. किट पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेलं आहे, विरघळलेला ऑक्सिजन त्यात नाही, तो विंकलरने मी शिकवीन, फुकट. पारदर्शकता मोजायला सेक्कीची तबकडी, २० सेंटिमीटरची, काळ्या-पांढऱ्या चार भागांची. आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने १८६५ साली पांढरी तबकडी समुद्रात सोडून पाहिली होती. आपण पत्र्याच्या झाकणाला रंग देऊन आणि गाठी मारलेली दोरी बांधून करू. दिसेनाशी होते ती गाठ मोजायची. बीओडी, फॉस्फेट आणि जंतूंसाठी मात्र नमुने प्रयोगशाळेत जायला हवेत, निर्जंतुक बाटलीत, बर्फात, त्याच दिवशी. पुन्हा शीतपेयाची बाटली नको.

जागा पाच: व्हाळाचं तोंड, धुण्याचा घाट, विसर्जनाची जागा, मधलं पाणी आणि सांडवा. वेळा चार: मे महिन्याची अखेर, पहिल्या पावसानंतरचा आठवडा, गणपतीनंतर आणि पौषात. गणपतीनंतर म्हणते कारण विसर्जनाचं पाणी कुणी तपासत नाही. माझ्या घरचा गणपतीही त्याच घाटावर जातो. शाडूची मूर्ती विरघळते, प्लास्टरची पडून राहते, आणि निर्माल्य कुजताना पाण्यातलाच ऑक्सिजन खातं. किती फरक पडतो ते एकदा आकड्यात कळू दे, मग निर्माल्याला वेगळा खड्डा करायला कुणाचा विरोध राहील असं वाटत नाही.

धामापूरचा तलाव १५३० सालचा. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने फोटो फिरवले. पाचशे वर्षांच्या आसपास तो तलाव शेतीला पाणी देतो आहे आणि भोवतीची झाडी अजून उभी आहे. आपलं तळं लहान आहे, पण तेही कुणीतरी चिरा चिरा लावून, पुढच्यांच्या शेतीचा विचार करूनच बांधलं होतं.

ठरावात बदल करायचा तर १ मेच्या ग्रामसभेत करता येईल, पण तोवर पोकलेन येऊन गेलेला असेल. म्हणून मासिक सभेत आताच एवढं नोंदवून घ्या: काम पुढच्या शिमग्यापर्यंत थांबेल, वर्षभराच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या फलकावर दर खेपेला लागतील, आणि अंदाजपत्रक त्या नोंदी बघून पुन्हा मांडलं जाईल. निधी परत जाईल ही भीती मला कळते. त्यासाठी वर लिहायच्या पत्राचा मसुदा मी तयार ठेवला आहे, सोबत सहीला येईन.

येत्या मंगळवारी पहाटे पाच वाजता मी धुण्याच्या घाटावर असेन. तबकडी, दोन बाटल्या आणि चाळणी आणते. सरपंचताई, तुम्ही याच, आणि त्या दोन्ही घरांतल्या माणसांनाही मी स्वतः जाऊन बोलावणार आहे. बॅटरी आणा, तिसरी पायरी निसटलेली आहे.

आपली,
तळ्याकाठी राहणारी एक निवृत्त विज्ञान शिक्षिका